तोंड बंद, तयारी चालू

५ एप्रिल

बोलायचं नाही! दोन आठवडे. एक अक्षर नाही. मी विचारलं, "कुजबुजलं तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "कुजबुजणं ओरडण्यापेक्षा वाईट. आता हे जे बोललात ना, ते शेवटचं."

घशात नळी घालून समोरच्या पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि दोन्हींवर एकेक बारीक गाठ, तांदळाच्या कणीएवढी. आधी विचारून झालंच होतं — धंदा काय? म्हटलं, सूत्रसंचालन. लग्न, हळद, शाळेची गॅदरिंग, दुकानांची उद्घाटनं. "म्हणजे बोलण्याचंच दुकान. आता शटर पाडा." वर हसले! मला रडू येऊन राहिलंय आणि हा माणूस हसतो. ऑपरेशन लागणार नाही म्हणाले, पण गप्प राहिलात तरच. ठेचा बंद. चहा एक कप. कोमट पाणी, वाफ.

आणि सव्वीस तारखेला नांदेड! बियाण्याच्या कंपनीचा डीलर मेळावा. लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांतले बी-खतांचे दुकानदार, त्यातल्या चांगल्या विक्रीवाल्यांचे सत्कार. माझा पहिला कंपनीचा कार्यक्रम. नीट झाला तर वर्षभराचे त्यांचे सगळे कार्यक्रम माझे, असं महांतेशनं बोलून ठेवलंय. महांतेश म्हणजे इव्हेंटवाला, उदगीरचा. कंपनीच्या साहेबांना पुण्याची अँकर पाहिजे होती. हा माझ्यासाठी अडून बसला. "लातूरचीच बाई घ्या, आमच्या माणसाला आमची भाषा कळते."

आता त्याला काय सांगू? आणि कशानं सांगू?

म्हणून ही वही काढली. कुणाशी तरी बोलल्याशिवाय मी जगू शकत नाही, हे डॉक्टरला काय माहीत.

६ एप्रिल

भाजीवाल्याला बोटानं भेंडी दाखवली, दोन बोटांनी दोन पाव, म्हणजे अर्धा किलो दाखवलं. त्याला वाटलं मी बहिरी आहे. कानाशी येऊन ओरडून भाव सांगितला. अख्खी गल्ली बघून राहिली.

घर केवढं गप्प आहे! मला आजवर कळलंच नव्हतं. आई फारशी बोलतच नाही. "जेव." "दार लाव." "गॅस संपत आलाय." बस. हीच बाई निलंग्याकडच्या अंगणवाडीत नोकरीभर पोरं गोळा करत गावभर हाका मारत हिंडायची. मराठीत हाक, कन्नडमध्ये दम. बाबा गेले आणि त्याच वर्षी रिटायर झाली, तेव्हापासून बटण बंद केल्यासारखी. लग्नाला नाही, बारशाला नाही. "मी कशाला तिथं? लोकाच्या आनंदात माझं तोंड." कितीदा भांडले मी! आपल्यात नाही मानत हे असलं काही, बाबांनी आयुष्यभर काय सांगितलं — काही उपयोग नाही.

इतकी वर्षं मी दोघींच्या वाटचं बोलत होते म्हणायचं. आज दिवसभर घरात फक्त पंखा बोलला.

८ एप्रिल

महांतेशला मेसेज टाकला. गडी गाडी काढून थेट घरी! "ताई, मजाक करून राहिलात का?" डॉक्टरांचा कागद दाखवला. डोकं धरून बसला.

मग नीट बोलला. वीस तारखेला संध्याकाळी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. तो साहेबांना ऐकवणार. जमला तर मी, नाही तर पुण्याची. तिची तारीख तो आजच धरून ठेवणार. "वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं. वाटणारच की! पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणून जास्त राग येतोय.

९ एप्रिल

ठरवलं. आवाज येवो न येवो, तयारी मी माझीच करणार. पुण्याची आली तर तिच्या हातात तयार गठ्ठा ठेवीन. नाही, नाही ठेवणार! एवढी काही मी मोठ्या मनाची नाही.

कार्ड कापायला बसले. माझी कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. कागद जाड असतो, पंख्यानं उडत नाही, हात थरथरला तर दिसत नाही. एका कार्डावर एकच गोष्ट. दीपप्रज्वलन एक, स्वागत एक, प्रत्येक सत्काराला एक. लग्नात आपण बोलत गेलं की कार्यक्रम होतो. कंपनीत तसं नाही. 'मिनिट टू मिनिट' नावाचा तक्ता येतो. कोण कधी उठणार, कोण बुके देणार, व्हिडिओ कधी लागणार. साहेबांनी खाली ठळक लिहिलंय — 'शायरी नको.' अरे देवा. माझी अर्धी शिदोरी गेली!

हिरवी साडी, कंपनीचा रंग. बांगड्या नाहीत, माइकमध्ये किणकिणतात. चप्पल बिनआवाजाची.

आई बाजूला बसून पत्रिका वाचत होती. एका पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यांचं मोडलं ना गं?" मी मान हलवली. "वाटलंच व्हतं." आजचं भाषण संपलं.

१० एप्रिल

यादी आली. तिसेक दुकानदार, प्रत्येकापुढे 'सपत्नीक'. आपल्याकडे सत्कार म्हटला की जोडीनंच — त्याला शाल, तिला साडी, दोघांचा मिळून एक फोटो.

माझा एक नियम आहे. स्टेजवरून ज्याचं नाव घ्यायचं, त्याला आधी फोन करायचा. नाव त्याच्या तोंडून ऐकायचं, गाव कुठलं, काय म्हणवून घ्यायला आवडतं. एकदा माणसाचा आवाज ऐकला की नाव घेताना आपलाही आवाज बदलतो. पण यंदा कोण करणार फोन?

चिठ्ठीवर लिहून आईपुढे धरली. "मी? न्हाई बाई. मला काय जमतंय." मी हात जोडले. पाया पडायचं नाटक केलं. शेवटी म्हणाली, "आण. एकच करीन."

मी छान मजकूर लिहून दिला होता — 'नमस्कार, मी सूत्रसंचालिका विशाखा बनसोडे यांच्या वतीने बोलत आहे.' तिनं वाचला, चष्मा काढला. "असं कोण बोलतं गं? पोलीस बोलल्यावानी." आणि नंबर लावून स्पीकरवर सुरू — "हॅलो! मी विशाखाची आई बोलते, लातूरहून. जेवण झालं का?"

पलीकडे हदगावचा दुकानदार. आधी गडबडला, मग सुरू झाला. कापसाच्या बियाण्यापासून पोरीच्या परीक्षेपर्यंत. तिनं सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "नाव कसं घेऊ तुमचं, पुरं का घरचं?"

एकच करणार होती. सात केले!

११ एप्रिल

फोन चालू. मी शेजारी बसून कार्डं भरते. आई हूं, हाव, व्हय का, करत राहते आणि लोक आपोआप बोलतात. निलंग्याच्या एकाची बायको दुकानात पायच ठेवत नाही, सगळं सून बघते. एकाला स्टेजच्या पायऱ्यांची भीती, गुडघे गेलेत. हदगाववाल्यानं तर परत फोन केला. आईला! सांगायला विसरला होता म्हणे, दुकान खरं त्याच्या धाकट्या भावामुळं चालतं.

मी फोन करायचे तेव्हा मला नाव आणि गाव मिळायचं. एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मीच बोलत असेन बहुतेक.

दोन घरं शिल्लक. देवणी आणि मुखेड.

१२ एप्रिल

देवणीचा फोन.

यादीत नाव — माणिकप्पा बिराजदार, सपत्नीक. बाईनं उचलला. आई म्हणाली, "माणिकप्पा हायत का?"

"न्हाईत."

"कवा येतील?"

 मग ती म्हणाली, "आता कुठनं यायचे, अक्का."

दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांचंच आहे. कंपनीकडेही जुनंच नाव चाललंय. दुकान चालवते ही — बसम्मा. आणि विक्री एवढी की सत्काराच्या यादीत!

 समजा फोन झाला नसता. समजा मी भर सभेत कडक आवाजात म्हटलं असतं, 'श्री. माणिकप्पा बिराजदार, सपत्नीक स्टेजवर यावं.' टाळ्या वाजल्या असत्या. आणि ती खुर्चीत.

आई जराशानं म्हणाली, "आमचे पण गेले." एवढंच. मग कन्नडमध्ये काहीतरी विचारलं — 'ऊट आयता?' म्हणजे जेवलीस का. आणि दोघी सुरू. अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी कार्ड हातात घेऊन बसून राहिले. आई बाबांबद्दल बोलत होती. बाबा एसटीत कंडक्टर होते, सुट्टीच्या दिवशीही सकाळी उठून खिशात तिकिटाचा पंच ठेवायचे, हे तिनं कुणाला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मोबाइल तापला तेव्हा थांबल्या.

१३ एप्रिल

महांतेशला कळवलं. त्यानं साहेबांना. साहेबांचं उत्तर त्यानं तसंच पुढे पाठवलं — 'ते नाव वगळा. जोडीचा सत्कार आहे. सीझनच्या तोंडावर एकट्या बाईला स्टेजवर उभं करणं बरं दिसत नाही, तिलाही अवघड. भेट दुकानावर पोचवू.'

बरं दिसत नाही! कुणाला बरं दिसत नाही?

एवढा राग आला आणि ओरडता येत नाही! उशी घेतली आणि आपटली. लांबलचक मेसेज लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. पुसला. मी आत्ता अडून बसले तर पुण्याची बाई तयारच आहे. माझा आवाज नाही, माझी जागा पक्की नाही, मी कुणाच्या जिवावर भांडू?

आईला दाखवलं. तिनं वाचलं आणि उठून भांडी घासायला गेली. फार जोरात घासली.

१४ एप्रिल

जयंती. आमच्या वस्तीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन आठवीपासून मी करते. यंदा खाली उभी. माइकवर शेजारची बारावीतली पोरगी, घाबरलेली, तीन नावं उलटीपालटी घेतली. तरी छान बोलली. जो भेटेल तो — "काय विशाखा, आज गप्प?" गळ्याला हात लावून दाखवत फिरले. घोषणा सुरू झाल्या तेव्हा मात्र ओठ दाताखाली धरून ठेवले. डोळ्यांत पाणी आलं.

आई आली नाही. पण दारात खुर्ची टाकून बसली होती. दारात तरी.

१५ एप्रिल

सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "विशे, जोडी म्हंजे नवराबायकोच असती व्हय?"

मी हातानं विचारलं, म्हणजे?

"हदगाववाल्याची जोडी त्याचा भाऊ. निलंग्याचा म्हनला, सून नसती तर दुकान बुडलं असतं. मग त्यांच्या बायकांना वर नेऊन काय करतेस? त्या बिचाऱ्या लाजून मरतेत. ज्याच्या जोडीला जो दुकान ओढतो, त्याला घेऊन या म्हनावं की."

तव्यावरची भाकरी करपली. मी तशीच धावले, मोबाइल घेतला, महांतेशला लिहिलं. सत्कार जोडीचाच, पण दुकानातल्या जोडीचा! बायको असेल तर बायको, भाऊ, सून, बाप, कामावरचा माणूस — कुणीही. कार्यक्रमाचं नाव 'जोडीला कोण?'

संध्याकाळी उत्तर. साहेब म्हणाले, 'चालेल. वेगळं आहे.' महांतेशनं खाली लिहिलं — 'गेल्या वर्षी निम्म्या बायका आल्याच नव्हत्या, साड्या उरल्या होत्या. ते बोललो मी हळूच.' या माणसाला मी कधीतरी पुरणपोळी खायला घालणार आहे.

१६ एप्रिल

आई पुन्हा सगळ्यांना फोन करून राहिली. आता तर लोक आधी विचारतात, "मावशी, तुमचं जेवण झालं का?"

बसम्मा म्हणाली, "माझ्या जोडीला कोन न्हाई, अक्का. मी आनि कुलूप."

"तू ये तर. पुढचं तिथं बघू."

"तू येनार का?"

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.  मग म्हणाली, "बघते."

१९ एप्रिल

पुन्हा घशात कॅमेरा. सूज उतरली, गाठी जवळजवळ गेल्या! डॉक्टर म्हणाले, "म्हणा, आ." मी म्हटलं. कसला तरी चिरका, परका आवाज आला. कुणाचा हा? "येईल. रोज थोडं थोडं. ओरडायचं नाही, ताणायचं नाही, जिथं न बोलून भागतं तिथं बोलायचं नाही."

घरी येऊन पहिला शब्द — "आई." तिनं कुकरकडे बघतच "ओ" दिला. मग दचकून वळली.

२० एप्रिल

रेकॉर्डिंग. सकाळपासून वाफ, पाणी, वाफ. माझा तो नेहमीचा दणदणीत आवाज काढायला गेले, तर फाटला. तीनदा फाटला. रडायच्या बेतात आले.

आई म्हणाली, "कशाला ओरडतीस? माइक असतो ना तिथं?"

बसून, साध्या आवाजात म्हटलं — 'नमस्कार, हदगावपासून देवणीपर्यंत आलेल्या सगळ्यांचं स्वागत.' पाठवून दिलं आणि मोबाइल उशीखाली ठेवला.

तासाभरानं महांतेश. "साहेबांनी दोनदा ऐकला. म्हणाले, शांत आवाज आहे, हीच राहू द्या." शांत! मला! आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं.

२३ एप्रिल

आई येणार! कारण दिलंय — "तुझ्या गरम पाण्याचा थर्मास कोन धरनार?"

२५ एप्रिल, नांदेड

हॉल बघितला. रिकाम्या हॉलमध्ये एकदा उभं राहिल्याशिवाय मला झोप येत नाही. पायऱ्यांना कठडा नव्हता, महांतेशला सांगून लावून घेतला — गुडघेवाल्या काकांसाठी. सत्यम साउंडवाल्याबरोबर माइक तपासला. देगलूरचा आहे, दहा वर्षं माझे कार्यक्रम करतो. "ताई, यावेळी कानठळ्या न्हाईत? आवाज वाढवू का?" म्हटलं, वाढव. तू वाढव, मी नाही.

आई लॉजच्या खोलीत साडी घडी करून, पुन्हा मोडून, पुन्हा घडी करून राहिलीय. बाबांनी घेतलेली जांभळी इरकल. आणली होती पिशवीच्या तळाशी, मला न सांगता.

२७ एप्रिल

काल लिहायला त्राण नव्हतं. आता लिहिते, नीट लिहिते.

साहेबांना हैदराबादहून यायला उशीर. हॉल भरलेला, कूलर गरगरताहेत, स्टेज रिकामं. अशा वेळी पूर्वी मी शायरीवर शायरी फेकली असती. आता शायरी बंद, घसा जपायचा. मी माइक घेऊन खाली उतरले. पहिल्या रांगेतल्या हदगाववाल्याला म्हटलं, "जोडीला कोण आणलंय?" त्यानं भावाला उभं केलं. भाऊ लाजून अर्धा झाला. माइक त्याच्याकडे दिला, आणि तो बोलला! मग पुढचा, मग पुढचा. एकानं दुकानातला हमाल आणला होता, त्याला इस्त्रीचा शर्ट घालून. लोक हसले, टाळ्या वाजल्या. साहेब आले तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं.

चिठ्ठ्या आल्याच! 'यांचंही नाव घ्या.' 'त्यांना पुढं बसवा.' आपल्याकडे चिठ्ठीशिवाय कार्यक्रम होतो का? पण एक चिठ्ठी वेगळी होती. 'फोनवाल्या मावशी कोणत्या, दाखवा.' मी वाचून खिशात... खिसा कुठला, पदरात खोचली.

मग सत्कार. आवाज टिकला होता, पण कडेला घासायला लागलेला. मी शब्द मोजून वापरत होते. देवणीचं कार्ड वर आलं. त्यावर मी फार सुंदर वाक्य लिहिलं होतं, 'दोन हातांनी दुकान आणि दुःख दोन्ही पेलणाऱ्या' वगैरे. दोन रात्री घोटलेलं.

म्हटलं, "बसम्मा बिराजदार. देवणी."

उठली. ठेंगणी, सावळी, कपाळावर विभूती, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. कठडा धरून वर आली. साहेब शाल घेऊन उभे. ती मध्यावर थांबली, सवयीनं बाजूला बघितलं — बाजूला कुणी नव्हतं.  आता माझं वाक्य! माझ्या तोंडाशी आलं होतं. का कुणास ठाऊक, मी तोंड मिटलं.

बसम्मानं हॉलकडे तोंड केलं. माइक नको, काही नको. थेट हाक — "नागुबाई! अक्का! बा इकडं!"

'बा' म्हणजे ये. नागुबाई म्हणजे आमची आई, मागच्या रांगेत थर्मास घेऊन. हातानंच नाही नाही. तेवढ्यात कुणीतरी ओळखलं, "त्याच हायत की फोनवाल्या मावशी!" आणि मग काय विचारता! "मावशी, जावा की!" "मावशी, उठा!" हदगाववाला उभा, निलंग्याची सून उभी, गुडघेवाले काका टाळ्या वाजवताहेत.

आई उठली. मधल्या वाटेनं चालत आली. सगळ्यांकडे बघत. लोकांच्या आनंदात, तोंड वर करून! पायऱ्या चढली. थर्मास हातातच. साहेबांना काय करावं कळेना. त्यांनी साडी बसम्माला दिली आणि पुरुषाची शाल आईच्या खांद्यावर टाकली. बसम्मानं आईचा हात धरला. फोटो निघाला, त्यात थर्मास मधोमध.

मी काही बोलले नाही. एवढा माइक हातात असून! सत्यमनं संगीत लावायचं, तेही तो विसरला. मी रडत होते, सरळ सगळ्यांसमोर. पैसे घेऊन आलेली अँकर! रडले, काय करायचं ते करा.

निघताना साहेब एवढंच म्हणाले, "मिनिट टू मिनिट बरंच चुकलं." बाकी एक शब्द नाही. वर्षाच्या कामाचं नाव नाही.

२ मे

महांतेशकडून काही नाही.

आई भर मे महिन्यात शाल पांघरून बसते. म्हटलं, उकडत नाही का? "माझी हाय. मला मिळाली."

८ मे

अजून काही नाही. एका हळदीचं काम आलं, घेतलं. साध्या आवाजात केलं. नवरीची मावशी म्हणाली, "कान दुखले न्हाईत बाई यंदा." गेलं वर्षाचं काम तर गेलं. मरू दे. खोटं लिहिते, मरू दे वाटत नाही.

दुपारी मोबाइल वाजला, धावत गेले. आईसाठी होता. देवणीहून. माझाच मोबाइल, आणि मला परत मिळाला तेव्हा चार्जिंग संपलेलं.

११ मे

आईला जुना मोबाइल दुरुस्त करून दिला. नाइलाज.

१४ मे

महांतेश! "ताई, वर्षाचं पक्कं! दोन्ही जिल्हे! साहेबांना दुकानदारांचे फोनावर फोन. पहिला कार्यक्रम अठराला, निलंगा. पण एक अट हाय — फोन मावशींनीच करायचे, आणि त्या दिवशी मावशी हॉलमध्ये पाहिजेत. त्यांचं मानधन वेगळं."

किंचाळले. डॉक्टर, माफ करा! आत धावले. आई पिशवी भरत होती.

"अठराला? मला न्हाई जमायचं. बसम्माची गाय याच आठवड्यात व्यायची हाय. मी वासरू बघून, चीक खाऊनच येनार. मला इचारून तारीख द्यायची व्हती की."

महांतेशला फोन केला. म्हटलं, तारीख बदला. आमच्या मॅडमना वेळ नाही.